ज्यूल कुठे मोजलास?

चि. — हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

वडील मला कोल्हापूरहून पत्र लिहायचे तेव्हा अशीच सुरुवात असायची. ईमेलला ती शोभत नाही हे कळतं मला. पण तू विचारलेलं दोन ओळींत सांगण्यासारखं नाही, म्हणून रविवारची दुपार घेऊन बसले आहे. आणि ते ‘रिस्पेक्टेड मॅडम’ आधी थांबव. आपण दोघी एकाच विद्यापीठाच्या. ताई म्हण.

तुझ्यापुढे दोन जागा आहेत. दोन्ही युरोपीय संघाच्या पैशावर चालणाऱ्या डॉक्टरल नेटवर्कमधल्या, दोन्हींत पाच-सहा देशांचे भागीदार. एकीत अल्टरमॅग्नेट नावाच्या नव्या चुंबकीय पदार्थांवर काम, दुसरीत स्पिन-ऑर्बिट टॉर्कवर चालणाऱ्या मेमरीवर. दोन्ही जाहिरातींत ‘ऊर्जाबचत करणाऱ्या स्पिनट्रॉनिक चिप्स’ (म्हणजे इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा, त्याच्या अंगच्या चिमुकल्या चुंबकत्वाचा, वापर करणाऱ्या) हे शब्द पहिल्याच ओळीत. आणि तुझा प्रश्न: ताई, कशाला जास्त स्कोप आहे?

स्कोपचं नंतर बघू. ‘ऊर्जाबचत’ हा शब्द तू जाहिरातीतून जसाच्या तसा उचलून माझ्याकडे पाठवला आहेस, मला आधी त्याच्याशी भांडायचं आहे. या क्षेत्रात आलीस तर पुढची चार वर्षं तो शब्द तू रोज ऐकशील, स्वतःच्या पेपरात लिहिशील, आणि एक दिवस कुणीतरी परीक्षक विचारेल, ‘हा ज्यूल तुम्ही नेमका कुठे मोजलात?’ त्या दिवशी तुझ्याकडे उत्तर असावं.

चिपमध्ये वीज जाते कुठे ते बघ. आपल्याला वाटतं आकडेमोडीत. तसं नाही. 45 नॅनोमीटरच्या जुन्या तंत्रज्ञानातले आकडे अजून सगळे वापरतात, कारण ते स्वच्छ आहेत: 32 बिटांची एक बेरीज करायला साधारण 0.1 पिकोज्यूल लागतात (पिकोज्यूल म्हणजे ज्यूलचा लाख-कोटीवा भाग). तेच आकडे बाहेरच्या डीरॅममधून, म्हणजे संगणकाच्या मुख्य मेमरीतून, आणायचे तर शेकडो पिकोज्यूल. म्हणजे पिठलं करायला जेवढा गॅस लागतो त्याच्या हजारो पट पेट्रोल बेसन आणायला जाळायचं. दुसरी गळती आहे ती नुसतं आठवण ठेवण्यात. एसरॅमचा, म्हणजे चिपवरच्याच जलद मेमरीचा, एक बिट म्हणजे सहा ट्रान्झिस्टर. त्याला पाळण्यातल्या मुलासारखं सतत झोका देत राहावं लागतं. दोरी सोडली की मूल उठलं, बिट गेला. डीरॅम म्हणजे झिरपणारा माठ, दर 64 मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो.

चुंबकीय मेमरी, म्हणजे एमरॅम, यातलं काही मागत नाही. ती दाराची कडी आहे. एकदा सरकवली की हात काढून घे, वीज बंद कर, घरी जा. चुंबकत्वाची दिशा वर की खाली एवढाच तो बिट. वाचायचं कसं? दोन चुंबकी थरांमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा जेमतेम एक नॅनोमीटरचा, चार-पाच अणूंच्या जाडीचा अडसर ठेवतात. हा झाला चुंबकी जोड. दोन्ही थरांची दिशा एक असेल तर इलेक्ट्रॉन त्यातून सहज पलीकडे जातात, उलट असेल तर अडतात. रोध मोजला की बिट कळला.

इथवर सगळं छान. आता कागद-पेन्सिल घे.

कडी इतकी घट्ट हवी की वाऱ्याने उघडू नये. आपला वारा म्हणजे तापमान. कडीचा अडथळा बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान या एककात 40 असेल तर एकटा बिट साधारण सात वर्षं टिकतो. एका नॅनोसेकंदाला ई च्या चाळिसाव्या घाताने गुणून स्वतः काढून बघ. पण चिपवर बिट कोट्यवधी असतात, त्यातला एकही पडायला नको, म्हणून 60 किंवा त्याहून जास्त धरतात. खोलीच्या तापमानाला 60 म्हणजे 0.25 अ‍ॅटोज्यूल. झाली कडीची उंची. आता प्रत्यक्ष खर्च: 100 मायक्रोअँपिअर, 0.5 व्होल्ट, 1 नॅनोसेकंद. गुणाकार कर. 50 फेम्टोज्यूल. एक फेम्टो म्हणजे हजार अ‍ॅटो, तेव्हा कडीच्या उंचीच्या दोन लाख पट!

कडी काढायला आपण हत्ती लावतो. उरलेली सगळी ऊर्जा तारेत तापून जाते. आणि लिहिण्यापुरतंच बोलायचं तर आपण ज्याची कीव करत होतो त्या एसरॅमला एक बिट बदलायला याहून कमी ऊर्जा लागते. हे वाक्य जाहिरातीत नसतं. म्हणजे स्पिनट्रॉनिक मेमरीची बचत काम करण्यात नाही, काम नसताना गप्प बसण्यात आहे. मिनिटातून एकदा जागा होऊन तापमान नोंदवणारा सेन्सर, गाडीतला बंद-चालू होणारा नियंत्रक, महिनोन् महिने न बदलणारे आकडे साठवून फक्त वाचत राहणारं न्यूरल नेटवर्क, अशा ठिकाणी ती जिंकते. सेकंदाला कोट्यवधी वेळा लिहायचं असेल तिथे अजून हरते, किंवा फार तर बरोबरी करते. म्हणून कुणी ‘आमची चिप शंभर पट कमी वीज खाते’ म्हणालं की लगेच विचारायचं: कुठल्या कामाला, किती वेळ झोपून, कुणाच्या तुलनेत?

आणि मोजायचं काय काय? सुरुवातीला एका परिषदेत मी एक पोस्टर बघितलं होतं. बिट फार थोड्या फेम्टोज्यूलमध्ये पलटला म्हणून लिहिलेलं. खाली बारीक अक्षरांत, बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलेलं. ते क्षेत्र देणारा विद्युतचुंबक टेबलावर शेकडो वॅट खात असणार, ते हिशेबात नाही. लबाडी नव्हती ती. भौतिकीचा प्रश्न वेगळा, चिपचा वेगळा. पण दोन्हींना एकच शब्द वापरला की घोळ होतो.

आता हे शास्त्र युरोपात कसं वाढलं ते थोडं सांगते, कारण तू ज्या नेटवर्कमध्ये जाणार ते कुठून आलं ते कळल्याशिवाय त्याचे नखरे कळणार नाहीत.

1988 साली पॅरिसजवळच्या ओर्से इथे आल्बेर फेअर यांच्या गटाने लोखंड आणि क्रोमियमचे अतिपातळ थर आलटून पालटून रचले. द्रव हेलियमच्या अतिथंड तापमानाला चुंबकीय क्षेत्र लावल्यावर रोध जवळपास निम्म्यावर आला. त्याच सुमारास जर्मनीत युलिखला पेटर ग्रुनबेर्ग यांनी लोखंड-क्रोमियम-लोखंड अशा तीनच थरांत तोच परिणाम बघितला, खोलीच्या तापमानाला, दीड टक्का. 2007 चं नोबेल दोघांना मिळालं, हे तुझ्या अभ्यासक्रमात आहे. नसतं ते हे: ओर्सेच्या पेपरात थर बनवणारे लोक थॉमसन-सीएसएफ या कंपनीच्या प्रयोगशाळेतले होते. पहिलं नाव मारियो बाइबिश यांचं, ब्राझीलमधून काही काळासाठी आलेल्या संशोधकाचं. म्हणजे कंपनी, विद्यापीठ आणि बाहेरून आलेला पाहुणा ही त्रयी पहिल्याच दिवसापासून आहे. आज प्रत्येक प्रस्तावात ‘उद्योग-सहभाग’ आणि ‘आंतरराष्ट्रीय गतिशीलता’ असे रकाने भरावे लागतात. तेव्हा ते रकाने नव्हते, गरज होती. (आणि ज्या दीड टक्क्याकडे बघून कुणी नाक मुरडलं असतं, त्यावर युलिखने पेटंट घेतलं. नऊच वर्षांत, 1997 मध्ये, आयबीएमच्या हार्ड डिस्कच्या वाचक हेडमध्ये हा परिणाम जाऊन बसला. शोध युरोपात, पहिलं मोठं उत्पादन अमेरिकेत. ही जखम इथल्या लोकांना अजून ठसठसते. युरोपच्या चिप्स कायद्याच्या भाषणांत तीच बोलते.)

दुसरी गोष्ट ग्रेनोबलची. दुसऱ्या महायुद्धात लुई नील स्ट्रासबुर्ग सोडून तिथे आले आणि डोंगरांच्या कुशीतलं ते गाव चुंबकशास्त्राचं माहेर झालं. 1970 चं नोबेल त्यांचं. तिथेच 2002 मध्ये स्पिनटेक ही प्रयोगशाळा उभी राहिली. तुझ्या दुसऱ्या जागेचा विषय, स्पिन-ऑर्बिट टॉर्क, त्याचं मोठं पाऊल तिथल्या आणि बार्सिलोनाच्या लोकांनी मिळून टाकलं. 2011 मध्ये मिहाई मिरॉन, केविन गारेलो, पिएत्रो गाम्बार्डेला आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की 3 नॅनोमीटर प्लॅटिनमवर बसलेला 0.6 नॅनोमीटरचा कोबाल्टचा थर, म्हणजे अणूंच्या जेमतेम तीन ओळी, खालून आडवा प्रवाह सोडून पलटवता येतो. प्रवाह अडसरातून न्यावाच लागत नाही.

याचं महत्त्व मी जिथे बसते तिथून सांगते. आधीच्या पद्धतीत, स्पिन-ट्रान्सफर टॉर्कमध्ये, लिहिणं आणि वाचणं एकाच दारातून होतं. जोराचा प्रवाह प्रत्येक वेळी त्या एक नॅनोमीटरच्या ऑक्साइडमधून ढकलायचा. दार झिजतं. नव्या पद्धतीत लिहायची वाट खालच्या जड धातूतून, वाचायची वरून. दार टिकतं आणि पलटणं नॅनोसेकंदाच्याही आत होतं. किंमत मोजावी लागते ती अशी: एका बिटाला दोनऐवजी तीन टोकं, एकाऐवजी दोन ट्रान्झिस्टर, म्हणजे जागा जास्त. आणि दिशा ठरवायला बाहेरचं चुंबकीय क्षेत्र लागतं, तेच पोस्टरवालं.

प्रयोगशाळेतल्या तुकड्यावरून कारखान्याच्या 300 मिलिमीटर वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या गोल चकतीवर, हे गेलं ते बेल्जियममधल्या ल्यूव्हनच्या आयमेक या संशोधन केंद्रात, 2018 साली. 210 पिकोसेकंदांत बिट पलटला. पुढच्या वर्षी तिथल्याच लोकांनी बाहेरचं क्षेत्र घालवलं. नक्षी कोरायला वर जो मुखवटा लागतो त्यातच कोबाल्टचा चिमुकला चुंबक घातला, आणि तोच क्षेत्र देऊ लागला. 2023 मध्ये त्यांनी बिटामागे 100 फेम्टोज्यूलच्या खालचा आकडा दिला, आणि एकावर पंधरा शून्यं इतक्या वेळा लिहूनही बिट शाबूत.

यात एक नाव शोध. गारेलो. 2011 च्या पेपरात दुसरं नाव त्यांचं. नंतर आयमेकमध्ये वेफरवरचं काम करणारे तेच, आणि पुढे ग्रेनोबलला गेलेलेही तेच. गाम्बार्डेला बार्सिलोनाहून झुरिकला गेले. युरोपातलं सहकार्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झेंडे आणि करार येतात. प्रत्यक्षात ज्ञान माणसाच्या खिशातून प्रवास करतं. कुठल्या दाबाला थर चढवला, कुठल्या दिवशी पंप रुसला होता, कुठल्या नमुन्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे पेपरात येत नाही. ते घेऊन कुणीतरी गाडीत बसावं लागतं. तुझ्या करारात ‘सेकंडमेंट’ म्हणून जे काही महिने दुसऱ्या भागीदाराकडे जायचे लिहिलेत ना, ती सहल समजू नकोस. माझ्या मते पगारापेक्षा मोलाचं काही असेल तर ते.

आता माझी एक फजिती.

माझ्या दुसऱ्या प्रकल्पात थर चढवायचं काम माझ्याकडे होतं. टंगस्टनचे नमुने बनवले, त्यांचे तुकडे करून दोन देशांतल्या दोन प्रयोगशाळांना मोजायला पाठवले. प्लॅटिनममध्ये स्पिन ज्या बाजूला वळतात त्याच्या उलट बाजूला टंगस्टनमध्ये वळतात. चिन्ह ऋण यायला हवं. एकीकडे ऋण आलं, दुसरीकडे धन. दोघेही अनुभवी, दोघेही ठाम. सिद्धांतवाल्या भागीदाराने तर टंगस्टनचा पृष्ठभाग हवेने गंजला असेल म्हणून धन चिन्हाचं एक सुरेख स्पष्टीकरणही रचलं. मसुदा तयार झाला. चार महिने गेले. शेवटी एक पोस्टडॉक दोन दिवस रेल्वेने जाऊन दुसऱ्या प्रयोगशाळेत नुसती उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की त्यांचा धन प्रवाह डावीकडून उजवीकडे जातो आणि आमचा उजवीकडून डावीकडे. नमुना डबीत ठेवताना कुणीच त्यावर बाण काढला नव्हता. कुणीच म्हणजे मीच.

सगळे हसले, मी रात्रभर झोपले नाही. पण ते सुंदर स्पष्टीकरण आठवलं की आजही अंगावर काटा येतो. थोडक्यात वाचलो, नाहीतर डबीच्या झाकणाची चूक ‘नवा आंतरपृष्ठ परिणाम’ म्हणून छापून आली असती.

तर जागा निवडताना एवढं बघ की नमुना कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातो आणि त्या वाटेवर तू कुठे उभी आहेस. अकरा भागीदारांचं नेटवर्क असेल, त्यातले चार कधी नमुन्याला हातही लावत नसतील. ज्याला थर बनवता येतो, मोजताही येतो आणि सर्किटवाल्याशी त्याच्या भाषेत बोलता येतं, अशा माणसाची या क्षेत्रात कायम चणचण असते. भौतिकीवाला अँपिअर प्रति चौरस मीटरमध्ये बोलतो, सर्किटवाला बिटामागे किती चौरस मायक्रॉन ते विचारतो, आणि दोघं एकाच टेबलावर बसून तीन-तीन वर्षं एकमेकांना न समजता मान डोलावतात. मी बघितलंय.

अल्टरमॅग्नेटबद्दल. मोह पडावा असाच विषय आहे, खोटं कशाला बोलू. बाहेरून बघशील तर चुंबकत्व शून्य, शेजारच्या बिटाला त्रास नाही. आत मात्र इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या स्पिनप्रमाणे फाटलेल्या, जशा लोहचुंबकात असतात. प्राग आणि माइन्झच्या सिद्धांतवाल्यांनी 2022 च्या सुमाराला त्याला वेगळा वर्ग म्हणून नाव दिलं, 2024 मध्ये मँगनीज टेल्युराइडमध्ये ते फाटणं प्रत्यक्ष दिसलं. इतकं ताजं. तिथे गेलीस तर नवं काही सापडण्याची शक्यता खरी आहे. पण त्या प्रकल्पाने ‘ऊर्जाबचतीची चिप’ म्हटलं असेल तर मुलाखतीत त्यांना सरळ एक प्रश्न टाक: तुमचा पदार्थ 400 अंश सेल्सिअस सोसतो का? सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरवर तारांचे थर चढवताना वेफर तेवढी तापते. तेवढ्या आचेत ज्याचे थर एकमेकांत मिसळतात तो पदार्थ कितीही गुणी असला तरी चिपवर बसत नाही. ते हसून म्हणाले, ‘अजून तिथवर गेलो नाही,’ तर ती प्रामाणिक माणसं आहेत, बिनधास्त जा, पण मूलभूत भौतिकी करायला चालली आहेस हे मनाशी पक्कं करून जा. त्यांनी विषय बदलला तर मात्र विचार कर.

दुसऱ्या जागेलाही तेवढंच कठोरपणे तपास. उद्योगाचा भागीदार आहे म्हणून हुरळून जाऊ नकोस. कारखान्याची स्वच्छ खोली बाहेरचा नमुना आत घेत नाही. सोनं, लोखंड, कोबाल्ट म्हटलं की त्यांना इतर वेफर बाटण्याची भीती. (आमच्या आजीचं सोवळं याच्यापुढे काहीच नाही.) तुझ्या विद्यापीठात एक सेंटिमीटरचा तुकडा, त्यांच्याकडे 300 मिलिमीटरची वेफर. मध्ये वाट कोण बांधणार हे कागदावर लिहिलेलं आहे का ते बघ. नाहीतर तुझं ‘डिलिव्हरेबल’ हे एक पीडीएफ असेल आणि त्यांचा प्रतिनिधी सहा महिन्यांतून एकदा व्हिडिओ कॉलवर येऊन कॅमेरा बंद ठेवेल.

हे तंत्र बाजारात पोचणारच नाही असं मात्र समजू नकोस. पोचलेलं आहे. ड्रेस्डेनच्या ग्लोबलफाउंड्रीज कारखान्यात 22 नॅनोमीटरच्या चिपमध्ये एमरॅम घालण्याची घोषणा 2020 मध्येच झाली. असे थर चढवणारी मोठी यंत्रं जर्मनीतल्या काल अम माइन या छोट्याशा गावातल्या सिंगुलस कंपनीनेही बनवली आहेत. पण वाट सरळ नसते. स्पिनटेकमधून निघालेली क्रोकस ही कंपनी मेमरी बनवायला जन्माला आली होती. मेमरीचं पुरतं जमलं नाही, त्याच चुंबकी जोडांचे सेन्सर मात्र उत्तम बनले, आणि 2023 मध्ये अलेग्रो या अमेरिकी चिप कंपनीने ती 42 कोटी डॉलरला विकत घेतली. याला अपयश म्हणायचं का? मी म्हणत नाही. प्रस्तावात जे लिहिलं होतं ते झालं नाही एवढंच.

तुझ्या आईला सांग, ‘हे सगळं परदेशातच का’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. 2005 मध्ये चुंबकी जोडातून रेडिओ लहरींचं थेट विद्युतदाबात रूपांतर होतं हे जपानमध्ये दाखवणाऱ्या पेपरातलं पहिलं नाव अश्विन तुळापूरकर यांचं आहे, आणि पुढे ते पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. तिथेही अर्ज कर. खरंच कर. युरोपात फरक पडतो तो एवढाच की दोन तासांच्या रेल्वेवर दुसरी प्रयोगशाळा असते आणि तिच्याशी भांडण मिटवायला पैसे मंजूर झालेले असतात.

आणि आपण ज्या विभागात शिकलो त्याबद्दल न्यूनगंड बाळगू नकोस. आपल्याकडे स्प्रे पायरोलिसिसने थर बनवायचो, गरम काचेवर द्रावणाचा फवारा, जाडी मायक्रॉनच्या हिशेबात. इथे आल्यावर मला वाटलं होतं, अणू मोजणाऱ्या लोकांत माझं काय काम. पण थराचा रंग बघून ‘आज काहीतरी बिघडलंय’ हे ओळखायची नजर मला तिथल्याच प्लेटवर मिळाली. इथे ती नजर पडद्यावरच्या प्लाझ्माच्या आकड्यांना लावली, इतकंच.

व्यवहाराचं पटकन सांगते. डॉक्टरल नेटवर्कला राष्ट्रीयत्वाची अट नाही. अट आहे ती अशी की ज्या देशात जागा आहे तिथे मागच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त राहिलेली नसावीस. तुला ती अडचण नाही. अर्जाला पैसे लागत नाहीत, कुणी एजंट मागत असेल तर फोन ठेव. करार बहुधा 36 महिन्यांचा असतो. फ्रान्समध्ये पीएचडी तीन वर्षांची धरतात, बेल्जियममध्ये चार. ते चौथं वर्ष कुणाच्या पैशावर, हे सही करण्याआधी लेखी विचार. तोंडी ‘काहीतरी करू’ यावर विसंबून एका मुलीने शेवटचे सात महिने बचतीवर काढलेले मी बघितलेत. ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली जाशील त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना मेल कर. एक ज्याचं चांगलं झालं असा, आणि एक ज्याचं नाव गटाच्या पानावरून गायब झालंय असा. दुसरा जास्त सांगेल.

माझा कल विचारशील तर दुसऱ्या जागेकडे आहे. तुझा एमएस्सीचा प्रकल्प वाचला. त्यात तू रोधाच्या मोजणीतल्या चुकांवर चार पानं खर्च केली आहेस, आणि निष्कर्षावर अर्धं. तुझ्या सरांना ते उलटं हवं होतं असं दिसतंय, पण मी त्या चार पानांमुळेच एवढं लांब लिहायला बसले. अशा माणसाची गरज थर आणि सर्किट यांच्या मधल्या जागेत आहे.

तरी निर्णय माझ्या कलावर घेऊ नकोस. दोन्ही गटांचा अलीकडचा एकेक पेपर काढ. त्यात बिट पलटवायचा प्रवाह, विद्युतदाब आणि स्पंदाचा काळ शोध. एखादा आकडा दिलेलाच नसेल तर तीही माहितीच आहे. गुणाकार करून ऊर्जा काढ, तिला कडीच्या उंचीने भाग, आणि बाहेरचं क्षेत्र किंवा द्रव हेलियम कुठे लपलंय का ते बघ. पुढच्या रविवारी तुझ्याकडच्या संध्याकाळी पाचला मी फोन करते. तोवर दोन्ही गटांचे आकडे एका कागदावर काढून ठेव.

तुझी,
ताई

ता. क. तुझ्या नमुन्यांचे फोटो बघितले. डब्यांवर तारीख आहे, तापमान आहे, तुझं नाव आहे. बाण नाही.